कुत्र्याला गोड खाऊ द्यावा का? नाशिककरांचे अनुभव

आवाहन

नाशिकमध्ये कुत्र्याच्या तोंडी गोड पडण्याचे प्रसंग वर्षभर येत राहतात. संक्रांतीचा तिळगूळ, हंगामातली द्राक्षे, गणपतीतले मोदक, दिवाळीचे लाडू, देवदर्शनाहून आणलेले पेढे आणि रोज सकाळी टपरीवर चहाबरोबर पुढे केले जाणारे ग्लुकोज बिस्कीट, यांतले काही ना काही घरातल्या किंवा गल्लीतल्या कुत्र्यापर्यंत पोहोचतेच. त्याविषयीचे सल्ले मात्र दोन टोकांचे मिळतात. ‘गोड दिले की केस झडतात, जंत होतात, म्हणून कणभरही देऊ नये’ असे एक जण बजावतो, तर ‘आमच्याकडची कुत्री सगळे खातात, काही होत नाही’ असे दुसरा सांगतो. माझ्या समजुतीप्रमाणे खरा प्रश्न गोडीपेक्षा त्या पदार्थात आणखी काय घातले आहे याचा आहे, आणि तो प्रत्यक्ष अनुभवांवरून अधिक स्पष्ट होईल. म्हणून आपल्याकडे काय घडले ते लिहावे, ही विनंती. कुत्र्याचे अंदाजे वजन, पदार्थ, पहिले लक्षण किती वेळाने दिसले आणि उपचार काय झाले, एवढे आवर्जून लिहावे. दवाखान्याचे नाव लिहू नये.

निफाड तालुका, द्राक्ष बागायतदार

आमच्या बागेत राखणीला कायम गावठी कुत्री असतात. विरळणीच्या वेळी आणि काढणीच्या वेळी वेलीखाली मण्यांचा सडा पडतो, आणि आमचा थोरला कुत्रा त्यातले मणी वर्षानुवर्षे खात आला आहे. त्याला कधी काही झाल्याचे आम्ही पाहिलेले नाही. त्यामुळे द्राक्षे कुत्र्याला विषारी असतात असे कोणी म्हटले की शेजारीपाजारी त्याच्याकडे बोट दाखवत.

ज्या वर्षी भाव पडतो त्या वर्षी उरलेल्या मालाचा आम्ही बेदाणा करतो. अशाच एका हंगामात धाकट्या कुत्रीने, जिचे वजन पंधरा किलोच्या आसपास असेल, रात्री शेडमधले पोते फाडून बेदाणे खाल्ले. किती खाल्ले ते कळायला मार्ग नव्हता. सकाळी तिने केलेल्या उलटीत फुगलेले बेदाणे दिसले, दुपारपर्यंत ती पाण्यालाही तोंड लावेना, आणि तिला घेऊन आम्ही तालुक्याच्या गावी गेलो. डॉक्टरांनी सलाईन सुरू केले, रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात साठणारा टाकाऊ घटक, तपासले आणि ती लघवी करते आहे की नाही यावर लक्ष ठेवायला सांगितले, कारण मूत्रपिंडे बंद पडू लागली तर ते खाल्ल्यापासून एक ते तीन दिवसांत कळते आणि लघवी थांबणे हे वाईट लक्षण असते. तपासणी पुन्हा पुन्हा झाली, वाढलेले क्रिएटिनिन हळूहळू उतरले आणि कुत्री वाचली.

एकाला काही होत नाही आणि दुसरी मरणाच्या दारात जाते, याचे कारण मला डॉक्टरांनी समजावले, आणि बागायतदार म्हणून ते मला लगेच पटले. द्राक्षाच्या विषबाधेचे मूळ अनेक वर्षे सापडत नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यकांनी टार्टारिक आम्लाकडे लक्ष वेधले आणि आज तेच सर्वांत संभाव्य कारण मानले जाते. हे आम्ल प्रत्येक घडात सारखे नसते. ते वाणाप्रमाणे बदलते आणि मणी पिकत जातो तसे त्याचे प्रमाण उतरते. शिवाय साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे मूठभर बेदाण्यात कितीतरी अधिक द्राक्षांचा ऐवज एकवटलेला असतो. त्यामुळे ‘इतके मणी चालतील’ असा आकडा कोणालाच देता येत नाही. थोरल्या कुत्र्याचे उदाहरण खरे आहे, पण त्याच्या भरवशावर दुसऱ्या कुत्र्यापुढे घड टाकणे मला मान्य नाही. आता काढणीच्या दिवसांत कुत्री बागेबाहेर बांधतो आणि शेडला खालून पत्रा मारला आहे.

जाता जाता शहरातल्या मंडळींना एक सांगतो: शिऱ्यात, बेसनाच्या लाडवात आणि केकमध्ये असतो तोही बेदाणाच.

गंगापूर रोड, शिक्षिका

निफाडच्या दादांनी शेवटी लिहिलेल्या वाक्यामुळे मला लिहावेसे वाटले. आमच्याकडे ३४ किलो वजनाचा लॅब्रेडॉर आहे. दिवाळीत घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्याला ‘एवढासाच’ लाडू, ‘एवढासाच’ पेढा देत असे, आणि तो प्रत्येकापुढे उपाशी असल्यासारखा बसत असे. लॅब्रेडॉरची ही भूक निव्वळ लाडामुळे नसते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील संशोधनात सुमारे एक चतुर्थांश लॅब्रेडॉरमध्ये असा जनुकीय बदल आढळला की ज्यामुळे पोट भरल्याची जाणीव क्षीण होते आणि खाण्याची ओढ वाढते.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या, पोटाला हात लावू देईना, आणि पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच धरून तो तसाच उभा राहू लागला. तपासणीत स्वादुपिंडाला सूज आल्याचे निदान झाले. लाडवात बेदाणे होते, म्हणून मूत्रपिंडांचीही तपासणी झाली. सुदैवाने ती ठीक निघाली. डॉक्टरांच्या मते यात साखरेपेक्षा एकाच वेळी पोटात गेलेल्या तुपाचा आणि खव्याचा वाटा मोठा होता, आणि हा आजार एकदा झाला की पुन्हा होण्याची शक्यता राहते. त्याला आता कमी स्निग्धांशाचे खाणे दिले जाते. पाहुण्यांना नाही म्हणणे आपल्याकडे अवघड असते, म्हणून सणाच्या दिवशी दाराजवळच्या टेबलावर गाजराचे आणि काकडीचे तुकडे ठेवते आणि त्याला द्यायचे असेल तर यातलेच द्या, असे प्रेमाने सांगते. कोणालाही राग आलेला नाही.

पंचवटी, रस्त्यावरील कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या

आमच्या भागात यात्रेकरूंची वर्दळ असते आणि भटक्या कुत्र्यांना पेढे, साखरफुटाणे, खोबरे यांचा तोटा नसतो. मात्र सर्वाधिक मिळतात ती ग्लुकोज बिस्किटे. ती विषारी नाहीत, हे आधी स्पष्ट करते, कारण बिस्कीट देणाऱ्या गरीब माणसाला दोष देणे मला योग्य वाटत नाही. अडचण अशी आहे की दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात आणि वरच्या खाऊतून त्याच्या दहा टक्क्यांहून अधिक जाऊ नयेत, असे पशुवैद्यक सांगतात. एका लहान बिस्किटात वीस-पंचवीस कॅलरी धरल्या तर दोन-तीन बिस्किटांतच ती मर्यादा संपते. सकाळच्या फेरीला निघालेला प्रत्येक जण एकेक पुडा सोडतो, तेव्हा कुत्र्याचे पोट मैदा आणि साखरेने भरते, पण प्रथिने त्याला मिळतच नाहीत. आम्ही काही जणी मिळून भात, उकडलेली अंडी किंवा बिनमसाल्याची डाळ-पोळी देतो आणि उन्हाळ्यात पाण्याची भांडी भरून ठेवतो.

बिस्किटांतली चॉकलेट क्रीमची मात्र मी कोणालाही देऊ देत नाही.

सातपूर, कारखान्यातील कामगार

माझ्या कुत्र्याला लहानपणापासून भाकरीबरोबर सुपारीएवढा गुळाचा खडा मिळतो. तो आता म्हातारा झाला आहे, पण अंगाने सडपातळ आहे, त्याचे केस शाबूत आहेत आणि जंताचे औषध वेळेवर दिले जाते. त्याला गुळाचा त्रास झालेला नाही. अनुभव मागितला आहे म्हणून लिहिले.

इंदिरानगर, निवृत्त बँक कर्मचारी

मी स्वतः मधुमेही आहे आणि घरात साखरविरहित पदार्थ असतात. साखर नाही म्हणजे कुत्र्याला चालेल, असा अर्थ आमच्या मजल्यावरील एका कुटुंबाने लावला होता. त्यांच्याकडे परदेशातून आलेल्या नातेवाइकांनी आणलेल्या साखरविरहित च्युइंगमच्या गोळ्या त्यांच्या छोट्या पॉमेरियनने खाल्ल्या. तासाभराच्या आत तो लडखडू लागला, मग आडवा झाला. मी त्यांच्याबरोबर गाडीत होतो. दवाखान्यात रक्तातील साखर धोकादायक खाली गेल्याचे दिसले, शिरेतून ग्लुकोज देण्यात आले आणि यकृतावर परिणाम होतो का हे पाहण्यासाठी त्याला ठेवून घेतले. तो वाचला.

दोष होता झायलिटॉल नावाच्या गोडव्याचा. माणसाला तो निरुपद्रवी असतो, परंतु कुत्र्याच्या स्वादुपिंडातून तो एकदम मोठ्या प्रमाणात इन्सुलिन सोडायला लावतो. आपल्याकडच्या साखरविरहित मिठायांत अनेकदा सुक्रालोज किंवा स्टीव्हिया असते आणि त्यांचा असा परिणाम होत नाही, पण वेष्टन वाचल्याशिवाय ते कळणार कसे? वेष्टनावरील घटकांच्या यादीत झायलिटॉल हा शब्द किंवा त्याचा ९६७ हा क्रमांक दिसला की तो डबा कुत्र्याच्या आवाक्याबाहेर ठेवावा. काही टूथपेस्टमध्ये आणि पीनट बटरमध्येही तो असतो.

नाशिक रोड, पशुवैद्यक

वरील सर्व अनुभव वाचले. सातपूरच्या बंधूंचा अनुभव मला महत्त्वाचा वाटतो, कारण निरोगी आणि सडपातळ कुत्र्याला गुळाचा छोटा खडा किंवा पुरणपोळीचा एखादा घास मिळाला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नसते. पुरणातले जायफळ मोठ्या प्रमाणात विषारी ठरते, परंतु एका घासात ते नगण्य असते. साखरेने जंत होत नाहीत. ते जंतांची अंडी किंवा अळ्या पोटात गेल्याने आणि काही प्रकार पिसवांमार्फत होतात. केस झडण्यामागे बहुधा गोचीड-पिसवा, खरजेचे किडे, बुरशी किंवा ॲलर्जी असते. या समजुतीचा तोटा असा होतो की घरचे लोक गोड बंद करून निश्चिंत राहतात आणि खरजेवरचे उपचार लांबतात.

गोड खाल्ल्याने कुत्रा आंधळा होतो, असेही अनेक जण विचारतात. मधुमेह झालेल्या बहुतेक कुत्र्यांना मोतीबिंदू होतो, हे खरे आहे, परंतु कुत्र्यातील मधुमेह केवळ साखर खाल्ल्याने होतो असे म्हणता येत नाही. त्याला लठ्ठपणा आणि स्वादुपिंडाची वारंवार येणारी सूज हातभार लावतात, आणि मिठाई त्या वाटेने नडते.

चॉकलेटविषयी प्रमाण समजून घेतलेले बरे. त्यातील थिओब्रोमाइन हे उत्तेजक द्रव्य कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. निम्मे उतरायलाच सतरा-अठरा तास लागतात. दर किलो वजनामागे साधारण २० मिलिग्रॅम पोटात गेले की उलट्या आणि अस्वस्थता दिसू लागते, ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयाचे ठोके बिघडतात आणि ६० च्या आसपास झटके येऊ शकतात. दहा किलोच्या कुत्र्यासाठी पहिली पायरी दुधाच्या चॉकलेटच्या सुमारे १०० ग्रॅमला, गडद चॉकलेटच्या ३० ते ४० ग्रॅमला आणि कोको पावडरच्या जेमतेम १० ग्रॅमला गाठली जाते. घरी केक करणाऱ्यांनी म्हणूनच कोकोच्या डब्याची सर्वाधिक काळजी घ्यावी.

असे काही खाल्ल्याचे लक्षात आले तर लक्षणांची वाट पाहू नये. पहिल्या एक-दोन तासांत दवाखान्यात उलटी करवता आली तर पुढचे बरेचसे टळते. वेष्टन सोबत आणावे आणि खाल्ल्याची वेळ सांगावी. मिठाचे पाणी पाजून घरी उलटी करवण्याचा प्रकार मी अजूनही पाहतो. तो कृपया थांबवा, कारण मिठाची विषबाधा स्वतंत्रपणे जीव घेऊ शकते.

देवळाली, महाविद्यालयीन विद्यार्थिनी

टार्टारिक आम्लाविषयी वाचून शंका आली. आमची आजी चिंच आणि गूळ कुटून गोळ्या करते आणि आमचा स्पिट्झ त्या मिटक्या मारत खातो. चिंचेतही हेच आम्ल असते ना?

नाशिक रोड, पशुवैद्यक

होय, आणि द्राक्षापेक्षा कितीतरी अधिक असते. चिंच खाल्ल्यानंतर मूत्रपिंडांना इजा झालेली कुत्री आढळली आहेत, आणि टार्टारिक आम्लावर संशय घेण्याला तोही एक आधार मिळाला. त्या गोळ्या आजपासून बंद कराव्यात. आजींना कुत्र्यासाठी काही करायचेच असेल तर उकडलेले रताळे कुस्करून, त्यात काहीही न घालता, लहान गोळी करून द्यावी. स्पिट्झने गेल्या दोन-तीन दिवसांत चिंचेची गोळी खाल्ली असेल तर त्याला उद्या सकाळी रक्ततपासणीसाठी घेऊन यावे, आणि तो आज रात्री उलटी करू लागला किंवा त्याची लघवी कमी झाली तर सकाळपर्यंत थांबू नये.