पऱ्हाटी, पांदण आणि खिशातला कॅमेरा: कोणती सेटिंग कायम ठेवावी?

रानवाट
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) आमच्या गावाचे फोटो काढतोय. सकाळचा फेरा ठरलेला आहे: आखर (ढोरं जमतात ती मोकळी जागा), पार, देवळामागची पांदण (शेतांकडे जाणारी वाट), मग वावरं, आणि परतीला कोठे (गुरांचे गोठे) अन् ओसऱ्या. कॅमेरा साधा, खिशात मावणारा. २० मेगापिक्सेल, १/२.३ इंची सेन्सर, २८ ते २२४ मिमी झूम, भिंग एफ/३.२ ते एफ/६.९ (आकडा मोठा तसा उजेड कमी). मॅन्युअल मोड नाही, रॉ (प्रक्रिया न केलेली फाइल) नाही. 'पी' मोड आहे (वेग कॅमेरा ठरवतो, बाकी आपण), एक्स्पोजर (फोटोतला उजेड) अधिक-उणे २ पर्यंत हलवता येतं, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० ते १६००.

अडचणी चार. फुटलेली पऱ्हाटी (कपाशी) अख्ख्या फ्रेममध्ये घेतली की कापूस राखाडी येतो, आणि एकच बोंड घेतलं की उलट पांढरा डाग होतो. टोपी किंवा दुपट्टा घेतलेल्या माणसाचा चेहरा काळा येतो. ओसरीत न् कोठ्यात फोटो हलतो. आणि बंडी (बैलगाडी) पुढून निघून गेल्यावर फोटो निघतो.

२६ जानेवारीला वाचनालयात पंचवीसेक फोटो लावायचे आहेत, ४×६ आणि काही ८×१२. मोबाइल वापरा असं कृपया सांगू नका. झूम आणि खरा फ्लॅश या दोन गोष्टींसाठी हाच कॅमेरा हवा आहे.

कवेलू
कापसाचं आधी बघू, कारण त्यात बाकीचं बरंच येतं.

कॅमेऱ्याच्या मीटरला पांढरं काय अन् काळं काय हे कळत नाही. फ्रेममधला सगळा उजेड मधल्या राखाडीवर आणून बसवायचा, एवढंच त्याचं काम. कापसाने भरलेल्या फ्रेमला तो 'फार उजेड आहे' समजतो आणि फोटोचा उजेड दाबतो. म्हणून घरात लावलेला कापसाचा ढीग, भरलेली बंडी, किंवा दाट फुटलेलं वावर असेल तर एक्स्पोजर +०.७ ते +१ करा. एकटं बोंड आणि मागे काळी माती असली की गणित फिरतं. माती फ्रेमचा मोठा भाग व्यापते, मीटर तिला राखाडी करायला उजेड वाढवतो आणि त्यात बोंड जळतं. तिथे –०.७, उन्हात –१. माती काळीच येऊ द्या. आपली माती काळी आहे, ती फोटोत करडी दिसली तर तो फोटो दुसऱ्याच मुलखातला वाटतो.

हे सगळं 'पी' मोडमध्ये. हिरव्या 'ऑटो'त बहुतेक छोटे कॅमेरे एक्स्पोजर हलवूच देत नाहीत.

उन्हात मागच्या स्क्रीनवरून अंदाज घेऊ नका. स्क्रीन मंद दिसते म्हणून माणूस उजेड वाढवत जातो आणि घरी आल्यावर सगळे फोटो फिके निघतात. फोटो पाहताना 'डिस्प्ले' बटण दाबून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख: डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) आणा. आलेख उजव्या भिंतीला चिकटून वर चढला असेल तर कापूस गेला. जेपीजीमध्ये जळालेलं पांढरं परत येत नाही, काळवंडलेलं मात्र थोडंफार वर काढता येतं. त्यामुळे शंका असेल तर उणेकडे झुका.

बोंड जवळून पाहा. चार-पाच कप्प्यांतून कापूस बाहेर आलेला असतो, प्रत्येक पुंजक्यावर तंतूंचे पीळ असतात, कडेला वाळलेलं तपकिरी टरफल टोकदार उभं असतं. हे पीळ दिसायला ऊन बाजूने यायला हवं. सूर्य पाठीशी घेतला की सावल्या बोंडामागे लपतात आणि कापूस सपाट दिसतो. मॅक्रो (फुलाचं चिन्ह) वापराल तेव्हा झूम पूर्ण आत ठेवा, कारण छोट्या कॅमेऱ्याचं भिंग अगदी जवळचं फक्त रुंद टोकालाच पकडतं. तरी पार ३ सेंमीवर जाऊ नका, कॅमेऱ्याचीच सावली बोंडावर पडते. १०-१५ सेंमी पुरे.

वेळेच्या बाबतीत तुमचा हंगाम चांगला आहे. दंव उतरल्याशिवाय वेचणी सुरू होत नाही, ओला कापूस कोणी वेचत नाही. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी ९ वाजता आपल्याकडे सूर्य जेमतेम ३० अंश वर असतो आणि भर दुपारीही ५० च्या आसपास. म्हणजे वेचणाऱ्या बाया कामाला लागतात तेव्हाही ऊन तिरपंच असतं. मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाच सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. तेव्हा सकाळी ८ नंतर कॅमेरा आत ठेवलेला बरा.

जाता जाता एक: फाल्गुनात पळस घ्याल तेव्हा –१ पासून सुरुवात करा. त्या केशरी रंगात लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा भाग) आधी भरतो, साधा हिस्टोग्राम ठीक दिसत असतानाच पाकळ्यांचा एकसारखा लाल गोळा झालेला असतो.

बोरीबाभळी
चेहऱ्यासाठी फ्लॅश. भर उन्हात, आणि मुद्दाम.

टोपीखालच्या चेहऱ्याचं एक्स्पोजर वाढवाल तर आभाळ आणि पांढरी टोपी दोन्ही जातील. त्याऐवजी फ्लॅश 'ऑटो'वरून काढून 'चालू'वर टाका (नुसत्या विजेचं चिन्ह, सोबत 'ए' नको). ऑटोमध्ये ऊन पाहून तो पेटतच नाही. तुमच्या हातातल्या कॅमेऱ्याची खरी ताकद इथेच आहे. मोठ्या कॅमेऱ्याचा पडदा (शटर) साधारण १/२०० ते १/२५० सेकंदाच्या पुढे साध्या फ्लॅशशी जुळत नाही. छोट्या कॅमेऱ्यात शटर भिंगातच असतं, त्यामुळे १/१००० लाही फ्लॅश पूर्ण फ्रेमवर पडतो. त्या वेगाला मागचं उजळ आभाळ आवरलं जातं आणि चेहरा फ्लॅशने उघडतो.

अंतर दीड ते दोन मीटर ठेवा. हा फ्लॅश अडीच-तीन मीटरच्या पुढे उन्हाशी टक्कर देऊ शकत नाही. आणि झूम करू नका: लांब टोकाला भिंग एफ/६.९ होतं, फ्लॅशचा पल्ला निम्म्याहून कमी उरतो. मेनूत फ्लॅशची ताकद कमी करायची सोय असेल तर –०.७ वर ठेवा, म्हणजे कपाळ घामाने चमकत नाही. नसेल तर अर्धं पाऊल मागे.

एका ठिकाणी फ्लॅश बंदच हवा. संध्याकाळी ढोरं आखरावर परततात तेव्हा धूळ उडते. फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असल्याने जवळचा प्रत्येक कण पेटून फोटोभर पांढरे गोल ठिपके येतात. तिथे सूर्य ढोरांच्या मागे घ्या, फ्लॅश बंद, एक्स्पोजर –१. धूळ स्वतःच उजळते.

आणि विचारल्याशिवाय जवळ जाऊ नका. "मावशी, फोटो काढू का?" एवढं पुरतं. वेचणीवाल्या बाया वाकलेल्या असतात, तसा फोटो कित्येकींना नको असतो. झोळी रिकामी करायला धुऱ्यावर (बांधावर) येतात तेव्हा उभ्याने घ्या. लेकरांचा फोटो वाचनालयाच्या भिंतीवर लावणार असाल तर आईबापाला आधी सांगा.

मोटनाडा
बंडीचं. उशीर कॅमेऱ्याच्या शटरमुळे होत नाही, फोकस शोधण्यात होतो. बटण एकदम पूर्ण दाबलं की कॅमेरा आधी फोकस धुंडाळतो, मग उजेड मोजतो, मग फोटो. म्हणून बंडी यायच्या आधी, ती जिथून जाणार त्या जागेवरच्या चाकोरीवर बटण अर्धं दाबा, हिरवी चौकट आली की तसंच धरून ठेवा. बैलांची शिंगं फ्रेमच्या एक तृतीयांशात शिरली की उरलेलं दाबा. अर्धं दाबल्यावर उजेडही तिथेच अडकतो, म्हणून मोजायची जागा उन्हातलीच घ्या, बाभळीच्या सावलीतली नको.

याहून सोपं म्हणजे झूम पूर्ण आत ठेवणं. १/२.३ इंची सेन्सरला रुंद टोकाचं भिंग साधारण ५ मिमीचं असतं. एफ/३.२ ला फोकस दीड-दोन मीटरवर बसला की जवळपास एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. दोन मीटरवरच्या दगडावर फोकस धरा आणि बंडी चारवर असो की दहावर, चिंता नको.

झूमच्या बाबतीत रानवाट यांचा भरवसा मला थोडा जास्त वाटतो. आकडे बघा. मोकळ्या सावलीत आयएसओ १०० वर रुंद टोकाला सुमारे १/३०० मिळतो. तिथेच झूम पूर्ण बाहेर काढला की भिंग सव्वादोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) मंद होतं आणि वेग १/६० वर येतो. २२४ मिमीला हात स्थिर राहायला १/२०० तरी हवा. स्टॅबिलायझर आपला हात सावरतो, पण समोर चालणारा बैल थांबवत नाही. चालत्या माणसाला १/२५०, धावणाऱ्या गोऱ्ह्याला १/५०० लागतो. वेग हाताने लावता येत नाही, तर आयएसओ ४०० करा, वेग चौपट होतो. ४०० पर्यंत प्रिंट चांगली येते; ८०० ला छपरावरच्या कवेलूंच्या रेघा पुसट व्हायला लागतात; १६०० विसरून जा. डिजिटल झूम मेनूतून कायमचा बंद करा, तो फक्त फोटो कापून मोठा करतो.

कवेलू
मोटनाडा यांच्याशी झूमबद्दल सहमत, पण एक अपवाद. पांदणीत तुरीच्या रांगा किंवा एकामागून एक येणाऱ्या बंड्या दाटलेल्या दाखवायच्या तर लांब टोकच हवं, आणि सकाळी ९ च्या उन्हात तिथेही १/२०० तरी मिळतो. सावलीत मात्र ते म्हणतात तसंच.

उंबरठा
ओसरी आणि कोठा राहिला.

आत फ्लॅश नको, सारवलेल्या भिंतीचा पोतच जातो. दारातून येणारा उजेड वापरा. माणसाला दारापासून एक-दीड मीटर आत बसवा, तोंड दाराकडे तिरपं, आणि तुम्ही दाराच्या बाजूला भिंतीला टेकून उभे राहा. दार स्वतः फ्रेममध्ये घेऊ नका. ते आलं की मीटर दारावरच बसतो आणि आत अंधार होतो. घ्यायचंच असेल तर मीटर 'स्पॉट' (फक्त मधला ठिपका मोजणारा) करून चेहऱ्यावर अर्धं बटण धरा, मग फ्रेम लावा.

माणूस नसेल, नुसती चूल, जातं, दावणीची गव्हाण असेल तर आयएसओ १०० वरच ठेवा. कॅमेरा उतरंडीवर, खाटेच्या माच्यावर, मिळेल त्यावर टेकवा आणि २ सेकंदांचा टायमर लावा. बोटाच्या दाबाने होणारी थरथर तेवढ्यात थांबते. मग १/२ सेकंदही चालतो.

रंगाचंही बघा. आठवडी बाजारात निळ्या ताडपत्रीच्या पालाखाली टमाटे जांभळट येतात, पिवळ्या पालाखाली कांदे हळदीत लोळल्यासारखे. 'ऑटो' व्हाइट बॅलन्सला (कोणत्याही उजेडात पांढरं पांढरंच दिसावं म्हणून असलेली सेटिंग) हे झेपत नाही. 'कस्टम' निवडा, त्याच पालाखाली पांढरा कोरा कागद धरा, तो फ्रेमभर घेऊन मोजणी करा. पाल बदललं की परत. बाहेर पडताना पुन्हा 'उन्हा'वर न्यायला विसरू नका. पहाटेच्या फोटोंना तर 'ऑटो' ठेवूच नये, सकाळचं पिवळं ऊन तो दुरुस्त करून टाकतो. 'उन्हा'वर ठेवलं की ते तसंच येतं.

धुळीबद्दल: भिंग आत-बाहेर होताना हवा ओढतं, सोबत माती आणि कापसाची बारीक तूसही. एक कण नळीत अडकला की भिंग अर्ध्यात थांबतं. धूळ उडत असेल तिथे कॅमेरा चालू-बंद करू नका. आधीच चालू करून ठेवा आणि बाहेर आल्यावर बंद करा. आधी रबरी फुंकणीने भिंगाची कड साफ, मगच बंद. शर्टाच्या टोकाने भिंग पुसू नका. खिशात नुसता न ठेवता झिपच्या पिशवीत ठेवा. उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत अजिबात नको, आणि तापलेली बॅटरी गार झाल्याशिवाय चार्जरला लावायची नाही.

रानवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. कायमची सेटिंग मग अशी लावतो: 'पी', आयएसओ १००, 'ऊन', झूम आत, एक्स्पोजर –०.३. एकच राहिलं: नमुन्याला ४×६ प्रिंट काढल्या तर उभ्या माणसाची टोपी वरून कापली गेली. स्क्रीनवर पूर्ण दिसत होती.

मोटनाडा
कॅमेरा ४:३ चा फोटो काढतो, ४×६ चा कागद ३:२ चा. कागद भरण्यासाठी लॅब आडव्या फोटोची उंची सुमारे ११ टक्के कापते, वरून थोडी, खालून थोडी. ८×१२ लाही तेच. मेनूत ३:२ असेल तर आत्ताच लावा, म्हणजे स्क्रीनवर दिसेल तेच कागदावर येईल. नसेल तर टोपीच्या वर आणि पायाखाली हातभर मोकळं सोडा. काढून झालेल्या फोटोंसाठी लॅबवाल्याला 'कापू नका, बाजूला पांढरी पट्टी चालेल' असं सांगा.

मेगापिक्सेलची काळजी नको. ८×१२ ला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६००×२४०० पिक्सेल लागतात, तुमच्याकडे रुंदी ५१५२ आहे. तारीख छापायचा पर्याय मात्र बंद असू द्या. ते केशरी आकडे फोटोतच भाजले जातात, काढता येत नाहीत. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावलं की तारीख फाइलमध्ये आपोआप राहते, फोटोखालच्या चिठ्ठीवर तिथून उतरवून घ्या.