सोलर पॅनेलची वीजनिर्मिती घटली : कारण ऋतू, सावली की पॅनेलच?

नमस्कार. नाशिकला आमच्या गच्चीवर नोव्हेंबर 2018 मध्ये 325 वॉटचे दहा पॉलिक्रिस्टलाइन पॅनेल बसवले. तेव्हापासून दर महिन्याच्या 1 तारखेला इन्व्हर्टरवरील युनिट मी वहीत उतरवून ठेवतो आणि त्या नोंदींमुळेच आता काळजी वाटू लागली आहे.

ऋतूंप्रमाणे होणारा चढउतार मला समजतो. एप्रिलमध्ये ऊन भरपूर असले तरी पॅनेल 60 अंशांपर्यंत तापतात आणि 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे साधारण 0.4 टक्के उत्पादन कमी होते; जुलैत मळभामुळे आकडा जवळपास निम्म्यावर येतो; डिसेंबरात हवा थंड असते, पण दिवस लहान असतो. म्हणून मी एप्रिलची तुलना एप्रिलशी आणि डिसेंबरची डिसेंबरशीच केली. एप्रिल 2019 मध्ये 425 युनिट मिळाले होते, एप्रिल 2025 मध्ये 361. डिसेंबर 2018 मध्ये 345, तर डिसेंबर 2024 मध्ये 268. वयोमानाने वर्षाला अर्धा ते एक टक्का घट होणारच, हे धरले तरी सहा वर्षांत ती 6 टक्क्यांपुढे जाऊ नये. येथे ती 15 आणि 22 टक्के आहे.

डिसेंबरचा काही भाग उलगडला. दक्षिणेकडील शेजाऱ्यांनी मजला चढवून त्यावर पाण्याची टाकी ठेवली आहे, आणि हिवाळ्यात सूर्य माध्यान्हीलाही जेमतेम 46-47 अंशांवर असल्याने तिची सावली सकाळी दोन पॅनेलवर पडते. एप्रिलमध्ये मात्र सावली अजिबात नसते आणि पॅनेल दर पंधरा दिवसांनी पहाटे धुतो. (पाणी बोअरचे आहे, काचेवर क्षारांचा पांढुरका थर धरलेला दिसतो.) शिवाय भर दुपारी ग्रिडचे व्होल्टेज वाढल्यामुळे इन्व्हर्टर काही मिनिटे बंद पडलेला मी दोनदा पाहिला.

बसवून देणाऱ्यांनी काहीही न मोजता सगळे पॅनेल बदलण्याचा सल्ला दिला, तो मला पटत नाही. वॉरंटी 10 वर्षांपर्यंत 90 टक्के आणि 25 वर्षांपर्यंत 80 टक्के क्षमतेची आहे, पण दावा करायचा तर घट पॅनेलचीच आहे हे दाखवावे लागेल.

क्षार, इन्व्हर्टरचे बंद पडणे आणि पॅनेलची स्वतःची झीज यांचा वाटा वेगवेगळा कसा काढावा? प्रत्येक पॅनेलचे नुसते व्होल्टेज मोजून दोष कळतो, की त्याच वेळचा करंट आणि उन्हाची तीव्रताही मोजावी लागते? मोजणी जाणकार वायरमनकडूनच करून घेईन; त्याच्याकडे नेमके काय मागावे, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.