थायरॉईडच्या स्कॅनमध्ये चांदणी का दिसते?

लातूरची फिजिक्सवाली: आयोडीन-१३१ (किरणोत्सारी आयोडीन) दिलेला रुग्ण, गळ्यातल्या ठिपक्याला सहा टोकं फुटलीत! कॅमेऱ्याला टेक्नेशियमचा (स्कॅनसाठीच्या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्याचा) कॉलिमेटर, म्हणजे किरण गाळणारी भोकाभोकांची शिशाची जाळी, आहे. भोकं बारीक केली तर जाईल का?

नांदेडकर: नाही ताई, दोष भिंतींचा आहे. भोकं षटकोनी, म्हणून किरण सहा दिशांनी भिंती भेदतात. टेक्नेशियमचे १४० केईव्ही ऊर्जेचे किरण पाव मिलिमीटर शिशात निम्मे होतात. आयोडीनच्या ३६४ केईव्हीला तेवढ्यासाठी दोन मिलिमीटरहून जास्त शिसं लागतं. हाय एनर्जीचाच कॉलिमेटर लावा.

परभणीचा तंत्रज्ञ: जाड भिंतींमुळं चित्र जरा भरड येतं, पण डॉक्टरांना गाठ खरी कुठंय ते तर कळंल! रुग्णाला परत डोस देऊ नका. आयोडीनचं अर्धायुष्य (निम्मं उरायचा काळ) आठ दिवसांचं आहे, उद्या बोलवा.

लातूरची फिजिक्सवाली: आत्ताच फोन लावते. औशाहून यायचंय त्यांना.