डेडवूड: मालिकेतलं खरं किती, रचलेलं किती?

सायली_नाशिक

१८७० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या सोन्याच्या छावणीवरची 'डेडवूड' ही मालिका, तिचे तिन्ही सीझन आणि २०१९ चा सिनेमा असं सगळं नुकतंच बघून झालं, पण डोक्यातून जात नाहीये. शिव्यांचा भडिमार सोडला तर इतकं जिवंत गाव मी पडद्यावर फार कमी वेळा पाहिलंय. यातली बरीच माणसं खरी होती असं कळलं, म्हणून विचारते.

शेरीफ सेथ बुलकने खरंच वारलेल्या भावाच्या बायकोशी लग्न केलं होतं का? पाद्री स्मिथ आजारात तडफडत असतो आणि दारूचा गुत्ता नि वेश्यागृह चालवणारा स्वेअरेंजन त्याला मारून त्यातून सोडवतो, तसं काही घडलं होतं का? त्या एपिसोडला मी रडले. आणि मुख्य प्रश्न खुद्द अल स्वेअरेंजनचा. सुरुवातीला त्याची किळस आली, तिसऱ्या सीझनपर्यंत मी त्याच्याच बाजूची झाले होते. खरा माणूस असाच होता का? कुणी यातलं वाचलं असेल तर सविस्तर लिहा.

पत्तेबाज

मालिकेतल्या वाइल्ड बिल हिकॉकबद्दल सांगतो, तो नामांकित बंदूकबाजही खराच. २ ऑगस्ट १८७६ ला पत्ते खेळताना जॅक मॅककॉलने त्याला मागून गोळी घातली, हे खरं. गावातल्या खाणवाल्यांनीच कोर्ट भरवून मॅककॉलला सोडलं, तेही खरं. पुढे बुलक त्याचा पाठलाग करून पकडतो तो भाग रचलेला आहे. मॅककॉल वायोमिंगमध्ये मी हिकॉकला मारलं म्हणून फुशारक्या मारत फिरत होता, तिथे सरकारी माणसांनी त्याला धरलं. डेडवूडचं कोर्टच बेकायदा, म्हणून यँक्टन गावी सरकारी कोर्टात पुन्हा खटला चालला आणि १ मार्च १८७७ ला फाशी झाली. हिकॉकच्या हातात एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी होती ही गोष्ट बरीच नंतर पसरली, तिच्यावर फार भिस्त ठेवू नका.

खाणकरी_चांदा

सायलीताई, मी चंद्रपूरचा. खाणकामाचं पुढचं शिक्षण साउथ डकोटात रॅपिड सिटीला झालं. तिथून डेडवूड तासाभरावर, त्यामुळे त्या भागात भरपूर फिरलोय आणि मिळेल ते वाचलंय.

बुलकचं आधी सांगतो. त्याच्या लग्नाची गोष्ट पूर्ण रचलेली आहे. मार्था ही त्याची लहानपणापासूनची मैत्रीण. १८७४ मध्ये लग्न झालं, आणि छावणी राहण्याजोगी होईपर्यंत ती लहान मुलीला घेऊन मिशिगनला माहेरी थांबली. भावाची विधवा नाही, घोड्याखाली सापडून गेलेला मुलगाही नाही. धंद्यातला भागीदार सोल स्टारबरोबर तो डेडवूडला पोचला १ ऑगस्टला, म्हणजे हिकॉक गेला त्याच्या आदल्याच दिवशी. शेरीफ म्हणून त्याची नेमणूक १८७७ ची, आणि त्याच वर्षी निवडणुकीत तो हरलाही. तिसऱ्या सीझनमधली निवडणूक त्यावरूनच घेतलीय.

पाद्री स्मिथचा शेवट त्याहून साधा आणि त्याहून वाईट. २० ऑगस्ट १८७६, रविवार. जवळच्या क्रूक सिटीला प्रवचन द्यायला चाललोय अशी चिठ्ठी खोपटाच्या दारावर लावून तो एकटाच पायी निघाला आणि वाटेत मारला गेला. कुणी मारलं ते कधीच सिद्ध झालं नाही. स्वेअरेंजनचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता स्वेअरेंजन. माझी खरी तक्रार इथे आहे. तारखा बदलल्या, लग्नं जुळवली, त्याचं मला काही वाटत नाही. त्याचा खरा गुत्ता, जेम थिएटर, एप्रिल १८७७ मध्ये उघडला, मालिकेत तो आधीपासून जोरात चालू आहे, हेही चालून जातं. पण नट इयन मॅकशेनने रंगवलेला तो बाल्कनीत कॉफी घेऊन उभा राहणारा, गावाची काळजी वाहणारा, मनातून हळवा माणूस मला कुठल्याच नोंदीत भेटला नाही. मालिकेत त्याला अनाथालयातलं बालपण दिलंय. खरा आयोवातल्या ओस्कालूसा गावचा, भरल्या घरातला. लेम्युएल नावाचा जुळा भाऊ होता. अलची बायको नेटी मारहाणीला कंटाळून घटस्फोट घेऊन गेली.

जेमचा धंदा कसा चाले ते बघा. लांबच्या शहरांतल्या गरीब मुलींना नाटकात काम देतो, हॉटेलात काम देतो असं सांगून बोलवायचं. तिकीट फक्त येण्याचं. इथे उतरल्यावर कळायचं की काम वेगळंच आहे. आजूबाजूला डोंगर, खिशात पैसा नाही, परतीची वाट नाही. नाही म्हणाली तर मार. अशा किती मुलींनी विष घेतलं, अफूवर दिवस काढले, त्यांची नावंसुद्धा उरली नाहीत. मालिका हा मार दाखवते, जेममधल्या ट्रिक्सीच्या मानेवरचा त्याचा बूट मी विसरलेलो नाही. पण नंतर त्याच माणसाच्या तोंडी इतकी सुंदर स्वगतं घालते की आपण ते माफ करून टाकतो. तुम्ही त्याच्या बाजूच्या झालात ही लेखकाची आणि नटाची करामत आहे. खऱ्या अलच्या बाजूने उभं राहावं असं मला काही सापडलेलं नाही. सप्टेंबर १८७९ च्या आगीत जेम जळलं, त्याने पुन्हा बांधलं. १८९९ ला शेवटचं जळलं. १९०४ च्या नोव्हेंबरमध्ये डेन्व्हरच्या रस्त्यात डोक्याला जबर मार बसलेल्या अवस्थेत तो मेलेला सापडला.

खाणीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ओढ्याच्या वाळूतलं सोनं एकटा माणूस पॅन घेऊन काढू शकतो. आपल्याकडे सराफ बाजारात झारेकरी गटारातली माती धुतात, तत्त्व तेच. पण ती वाळू लवकर संपते. मग कठीण खडक फोडायचा, खाली उतरायचं, दगड यंत्राने कुटायचा. त्याला भांडवल लागतं. म्हणून तिसऱ्या सीझनमध्ये बडा खाणमालक हर्स्ट येतो. मालिकेने ही साखळी अचूक पकडलीय. खऱ्या जॉर्ज हर्स्टने १८७७ मध्ये शेजारच्या लीड गावातला होमस्टेक खाणीचा क्लेम, म्हणजे त्या जागेत खणायचा हक्क, ७०,००० डॉलरला घेतला आणि आजूबाजूचे क्लेम खरेदी करत, कोर्टात भांडत गिळत गेला. ती खाण २००२ पर्यंत चालली, ८,००० फूट खोल गेली. आल्मा गॅरेटचा क्लेम मात्र काल्पनिक, आणि बाईही.

आणखी एक, मला फार जवळचं. १९६० च्या दशकात होमस्टेकच्या पोटात रे डेव्हिस या शास्त्रज्ञाने सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण टिपायला टाकी बसवली. २००२ ला त्याला नोबेल मिळालं. त्याच दशकात आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मंडळी न्यूट्रिनोच शोधत होती, आणि १९६५ मध्ये वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो त्यांना सापडले. दोन्हीकडे वर सोन्याचा धंदा, खाली हे काम.

रानवाट

उत्तम प्रतिसाद. पण सगळ्यात मोठी गोष्ट राहिली. ती जमीनच लाकोटा या मूळनिवासी जमातीची होती. १८६८ च्या फोर्ट लॅरमी कराराने ब्लॅक हिल्स, म्हणजे डेडवूडभोवतीचे डोंगर, त्यांच्या होत्या, १८७४ च्या कस्टरच्या लष्करी मोहिमेत सोनं सापडलं आणि करार पायदळी गेला. मालिकेत गाव बेकायदा असल्याची चर्चा सतत होते, पण लाकोटा दिसतात किती? बुलकशी झुंजणारा एक योद्धा, आणि पेटीतलं ते मुंडकं, ज्याच्याशी अल बोलतो.

खाणकरी_चांदा

अगदी मान्य. १८७७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून डोंगर काढून घेतले. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते गैर ठरवून साधारण १० कोटी ६० लाख डॉलर भरपाई दिली. लाकोटांनी आजपर्यंत त्याला हात लावलेला नाही, त्यांना जमीन परत हवी आहे. तिकडे राहिल्यावर हा विषय जुना वाटत नाही.

सायली_नाशिक

किती मनापासून लिहिलंत, सगळ्यांचे आभार. जेमबद्दल वाचून अंगावर काटा आला. पहिला सीझन आता पुन्हा बघणार, या वेळी त्या मुलींकडे लक्ष ठेवून. एक राहिलं: मालिकेतला चिनी मिस्टर वू खरा होता का?

खाणकरी_चांदा

वू काल्पनिक, त्याची प्रेतं खाणारी डुकरंही. पण चिनी वस्ती खरी आणि चांगली नांदती होती. फी ली वाँग नावाचा व्यापारी बायकामुलांसह तिथे अनेक दशकं राहिला, 'विंग त्सू' हे त्याचं दुकान. त्याची इमारत २००५ मध्ये पाडली, म्हणजे मालिका चालू असताना, जगभरातले लोक डेडवूडचं नाव घेत होते तेव्हा. मला त्याचा अजून राग येतो.