मालिकेची पुस्तकं घ्यायची तर दुकानातूनच

पेठेतला वाचक
एकटंदुकटं पुस्तक खुशाल ऑनलाइन मागवा. पण मालिका असेल तर दुकानातच जा, असं माझं ठाम मत झालंय.

या वर्षी नेमाड्यांचं चांगदेव चतुष्टय सलग वाचायचं ठरवलं. बिढार, हूल, जरीला, झूल. १९७५ ते १९७९ या काळात आलेल्या या चार कादंबऱ्या, आणि त्या याच क्रमाने वाचायच्या. एका साइटवर चारही मागवल्या. आधी आली झूल, म्हणजे शेवटची. आठवड्याने बिढार. जरीला आली ती कोपरा चेपलेली, वेगळ्या आवृत्तीची. शेल्फात बाकीच्यांशेजारी उंचीच जुळेना. हूलचे पैसे परत आले.

शेवटी अप्पा बळवंत चौकात गेलो. दुकानदारांनी पहिला प्रश्न विचारला, "बिढार झालंय का वाचून?" मग वितरकाला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हूल हातात. सवलत मिळाली दहाच टक्के, पण मी कुठवर आलोय हे विचारणारा माणूस मिळाला. साइटला चार सुट्या वस्तू विकायच्या होत्या, यांना चतुष्टय ठाऊक होतं.

गोदाकाठ
दादा, अप्पा बळवंत चौक पुण्यात आहे. माझ्या तालुक्यात पुस्तकाचं दुकान म्हणजे गाइडं, वह्या आणि जूनमधली गर्दी. कादंबरी मागितली तर दुकानदार बिचारा ओशाळतो.

माझ्या मुलीने शाळेच्या पुस्तकपेटीतलं फेलूदा या गुप्तहेराचं एक पुस्तक वाचलं. सत्यजित राय यांच्या त्या गोष्टी अशोक जैन यांनी मराठीत आणल्यात, रोहन प्रकाशनाने काढल्यात. एक संपलं आणि ती बाकीच्यांसाठी मागे लागली. नांदेडला जायचं तर एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडतो, आणि तिथेही सगळे भाग एकत्र मिळतील याची खात्री नाही. फोनवरून मागवला, पाचव्या दिवशी अख्खा संच दारात. त्या रात्री ती जेवायला उठेना. कोपरा चेपलेला असता तरी तिला फरक पडला नसता.

तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यावरून "दुकानातच जा" असा नियम काढू नका. आम्ही कुठे जायचं?

गल्ल्यामागून
दादरला बरीच वर्षं पुस्तकाच्या दुकानात काम केलंय, म्हणून आतली गोष्ट सांगतो. मालिका ठेवणं दुकानाला जड जातं. पहिला भाग भराभर खपतो, कारण सुरुवात सगळेच करतात. मधले भाग पडून राहतात, कडा पिवळ्या पडतात. जागेचं भाडं मात्र चालूच. मग मालक मधले भाग मागवायचे थांबवतो, आणि नेमका तोच भाग शोधत आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जातं. ते पुन्हा येत नाही. दुकान असं हळूहळू आटतं.

त्यात लोक यायचे, पुस्तक चाळायचे, मुखपृष्ठाचा फोटो काढायचे आणि समोर उभं राहूनच ऑनलाइन भाव बघायचे. हे बघताना फार लागायचं. पुस्तकांची नावाजलेली दुकानंही बंद पडली: पुण्यातलं मॅनीज २०१२ मध्ये गेलं, मुंबईत फोर्टमधलं स्ट्रँड २०१८ मध्ये. ते तर १९४८ पासूनचं. जवळ दुकान असूनही जे वीस-तीस रुपयांसाठी ऑनलाइन घेतात, त्यांच्यावर माझा राग आहे. गोदाकाठ यांच्यावर नाही.

परसातली जाई
मला दुकानांचं एवढं कौतुक पटत नाही. लहानपणी फास्टर फेणेचं पुढचं पुस्तक चाळत उभी राहिले की "घ्यायचंय का? नसेल तर ठेव" हे ठरलेलं. आता बऱ्याच ठिकाणी पुस्तकं प्लास्टिकमध्ये बंद असतात. ऑनलाइन निदान कोणी हाकलत नाही.

न्यू जर्सीकर
इकडे दोन्ही नाही. भाऊ येताना बॅगेत तेवीस किलोंमध्ये काय बसेल ते. लोणचं की पुस्तकं, यावर दर वेळी वाद होतो.

पेठेतला वाचक
गोदाकाठ, "मालिका असेल तर दुकानातच जा" हे माझं वाक्य मागे घेतो. ते ज्यांच्या जवळ दुकान आहे त्यांच्यापुरतंच खरं. पण तेवढ्यापुरतं मी ते सोडणार नाही.

गल्ल्यामागून
आणखी एक. पूर्वी लहान दुकानं गावोगावी रजिस्टर्ड बुक पोस्टाने पुस्तकं धाडायची, स्वस्तात जायची. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने ती सेवाच बंद केली. आता दोनशेच्या पुस्तकाला टपालखर्चच जड होतो, मोठ्या साइटला तो पेलतो. गावातल्या वाचकाचा यात दोष नाही.

गोदाकाठ
मग एक विचारू? आमच्या स्टँडवर एसटीचं पार्सल येतं. तुमचे ते दुकानदार फास्टर फेणेचा संच पार्सलने पाठवतील का? पैसे आधी पाठवते. फक्त मधला एखादा भाग नसेल तर तो आल्यावरच सगळे एकदम पाठवा म्हणावं. तिला क्रमाने वाचायचेत.

पेठेतला वाचक
उद्या संध्याकाळी जातो आणि विचारून इथेच कळवतो.