सिबिलमधली जुनी थकबाकी : तुमचे अनुभव लिहा

कर्जाची फाइल सिबिलपाशी (लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी) अडली आणि भलतंच जुनं देणं वर आलं, असं ज्यांचं झालंय त्यांनी कृपया लिहा. बँकेचं नाव नको. काय केलंत आणि पुढे काय झालं, तेवढं पुरे.

पिंपरीहून :
बंद केलेलं क्रेडिट कार्ड. नंतर त्यावर वार्षिक फी लागली, फीवर लेट फी, त्यावर व्याज, आणि सिबिलच्या अहवालात शेरा ‘रिटन ऑफ’, म्हणजे बुडीत खाती. वसुलीवाला गोड बोलायचा, “सर, अर्धे भरा, क्लिअर करून टाकतो.” ऑफिसातल्या एकाने असेच भरले होते. त्याच्या अहवालात ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ (पूर्ण न भरता तडजोडीने मिटवलेलं) आलं आणि तेवढ्यावरून गृहकर्ज नाकारलं. म्हणून मी दमडी दिली नाही. सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट, म्हणजे नोंदीवर हरकत टाकली. सिबिल स्वतः काही खोडत नाही, बँकेला विचारतं. बँक म्हणाली नोंद बरोबर आहे, विषय संपला! मग जुन्या मेलबॉक्समधून कार्ड बंद केल्याचा मेल शोधला, तो जोडून बँकेच्या नोडल ऑफिसरला (तक्रारी बघणारा अधिकारी) लिहिलं. त्यानंतर नोंद दुरुस्त झाली. शाखेत खेटे घालण्यात अर्थ नाही, तिथल्यांच्या हातात काही नसतं.

लातूरहून :
2019 च्या कर्जमुक्तीत आमचं पीककर्ज माफ झालं. आधार प्रमाणीकरणाची पावतीही आहे. ट्रॅक्टरसाठी गेलो तर तेच कर्ज थकीत! पीककर्जाला सिबिल मागू नका, असं सरकार बँकांना बजावतं. ट्रॅक्टरला ते लागू नाही. पावती आणि नो ड्यूज दाखला जोडून अर्ज दिला, पोच घेतली. नोंद सुधारली, पण पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने झाली.

साताऱ्याहून :
मी जामीनदार. मेव्हण्याने गाडीचे हप्ते थकवले, ते माझ्याही अहवालात. डिस्प्यूट फेटाळला गेला. नोंद खरीच होती म्हणा. मेव्हण्याशी बोलणं बंद आहे.

नागपूरहून, वकिली करते :
पिंपरीकरांनी बरोबर केलं. बिनतारण कर्जावर साधारण तीन वर्षांनी दाव्याची मुदत संपते, पण संपण्याआधी एखादा हप्ता भरला किंवा लेखी कबुली दिली की ती नव्याने मोजतात. म्हणून “हजार तरी टाका” म्हणणाऱ्यापासून सावध. मात्र मुदत गेली म्हणून अहवालातली नोंद जात नाही, दोन्ही गोष्टी वेगळ्या. आणि सकाळी आठच्या आत, संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

डोंबिवलीहून :
माझ्या पॅनवर कुणीतरी ॲपवरून कर्ज उचललं. सिबिलमध्ये खोडलं गेलं म्हणून निवांत होते, तर एक्स्पेरियन या तशाच दुसऱ्या कंपनीत तसंच! सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, चौघांचे अहवाल काढा. वर्षातून एकदा प्रत्येकाचा फुकट मिळतो. सायबर पोलिसांत तक्रार दिली, तिची प्रत सगळीकडे जोडली. 26 एप्रिल 2024 पासून नियम आहे की तक्रार 30 दिवसांत मिटली नाही तर पुढे रोजचे 100 रुपये भरपाई. एका कंपनीने मुदत उलटवली, भरपाईचं नावही काढत नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली आहे. निकाल आला की इथे कळवते.