डोळा न लावता क्लिक: खेळ की रोलची नासाडी?

रामबागकर: फिल्म कॅमेरा हातात आला की माणसं एकदम गंभीर होतात, छत्तीस फोटो म्हणजे छत्तीस परीक्षाच जणू. मला हे पटत नाही. मी ४०० चा (उजेडाला बऱ्यापैकी संवेदनशील) रोल भरतो, ३५ एमएमची लेन्स एफ ८ वर (म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान), शटर १/२५० सेकंद, फोकस अडीच मीटरवर, आणि व्ह्यूफाइंडरला, म्हणजे बघायच्या खिडकीला, डोळा लावणं विसरतो. साधारण पावणेदोन ते पाच मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. कॅमेरा कधी छातीशी, कधी डोक्यावर. परवा इंदूरच्या शीतलामाता बाजारात दुकानदारानं साडी झटकून उलगडली आणि मी बटण दाबलं. अर्धी फ्रेम गुलाबी, मागे त्याचा एक कान आणि कानावरचं पेन, बस. सांगून काढला असता तर तो साडी खाली ठेवून ताठ उभा राहिला असता.

छत्रीबाग: नाही पटलं. रोल, धुलाई, स्कॅन, तिन्हीला पैसे लागतात. एक साधला म्हणून पस्तीस वाया घालवायचे? आपल्याच इंदूरमध्ये बांधकाम खात्यात नोकरी करता करता पुढे नामवंत छायाचित्रकार झालेले लाला दीनदयाळ १८७४ च्या सुमारास फोटोग्राफीकडे वळले. काचेची एकेक प्लेट, तिथे असं उधळायची सोय नव्हती. आणि पैशापेक्षाही मोठी गोष्ट: त्या दुकानदाराला विचारलंत का?

अंधारखोली: दीनदयाळांचा दाखला मला उलटा वाटतो. तेही आधी हौशीच होते, इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकरांचा आश्रय नंतरचा. रामबागकर, तुमचं गणित गल्लीतल्या सावलीला बरोबर बसतं. राजवाड्यासमोरच्या उन्हातही निगेटिव्ह फिल्म जादा उजेड बराच पोटात घालते. पण हेच सेटिंग घेऊन रात्री सराफा बाजारात जाऊ नका, उजेड कमी पडून सावल्यांत काहीच उमटणार नाही. आणि स्लाइड फिल्मवर (जिच्यावर थेट सरळ चित्र येतं आणि उजेडाची चूक खपत नाही) तर हा प्रयोग नकोच.

रामबागकर: @छत्रीबाग, विचारण्याचं मान्य, ते माझं चुकलं. काल प्रिंट घेऊन गेलो, दुकानदारदादांनी ती गल्ल्यामागे लावली. पस्तीसांचं मात्र मान्य नाही. ते मी ओळीनं मांडून बघतो. त्यातूनच कळलं की घाईत माझा हात उजवीकडे कलतो, आणि लहान मुलांच्या उंचीवरून बाजार किती वेगळा दिसतो.

छत्रीबाग: प्रिंट दिलीत, बरं केलंत. वाया जाण्याबद्दल माझं मत तेच आहे. तरी तो गुलाबी फोटो मोठा स्कॅन करून इथे टाका. फोकस साडीच्या काठावर आहे की पेनावर, ते बघायचंय.